काजळीचा सायलेन्सर

सांगवीच्या शिवारात भर दुपारी ऊस पेटला, तेव्हा अप्पा उसाच्या मधोमध विहिरीवर होते. गुडघ्यांमुळं त्यांना धड चालताही येत नव्हतं, पळणं तर लांबच. त्यांची सून म्हाळसा पाण्याचा टँकर जोडून ट्रॅक्टर घेऊन निघाली. पण कालव्याच्या भरावावर अर्ध्या चढात इंजिन धापा टाकू लागलं, काळा धूर ओकत बंद पडलं.

तिनं पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. निम्मं पाणी सोडून द्यावं, तर आगीपुढं काय घेऊन जायचं? मघापर्यंत अप्पांच्या हाका ऐकू येत होत्या. आता नुसता पाचट तडतडल्याचा आवाज होता.

नवरा गोकुळ डाळिंबं घेऊन इंदापूरला गेलेला. तिनं फोन लावून सगळं सांगितलं.

"सायलेन्सर काजळीनं भरलाय, धुराला वाटच न्हाय," तो घाईघाईनं म्हणाला. "त्यात आगीजवळची तापलेली हवा. ताकद कुठनं यायची? सायलेन्सर काढ. हवा दाबणाऱ्या टर्बोपासनं इंजिनात जाणाऱ्या पाईपवर ओली पोती गुंडाळ, आतली हवा गार व्हईल. हवेच्या फिल्टरात पाणी जाऊ दिऊ नको."

शेजारचे सर्जेराव आबा पाना घेऊन धावत आले. पोतं भिजवता भिजवता म्हाळसा थांबली.

"आबा, सायलेन्सर काढला की ठिणग्या उडतील. वारा तुमच्या उसाकडं हाय."

सर्जेरावांनी तोडीला आलेल्या आपल्या उसाकडं एकदा पाहिलं.

"अप्पा आत हायेत?"

"व्हय."

"मग बोलत काय बसलीस?" म्हणत त्यांनी बोल्टाला पाना लावला.

एक बोल्ट गंजला होता, हलेना. म्हाळसानं पोत्यानं सायलेन्सर धरून पिळला. तळहात भाजले, तरी सोडला नाही. शेवटी तो निखळला. तेच ओलं पोतं तिनं टर्बोच्या पाईपवर गुंडाळलं. इंजिन कानठळ्या बसवत गरजलं आणि ट्रॅक्टर टँकरसकट भराव चढून गेला.

दोन्हीकडून जळत्या उसातल्या गाडीवाटेनं, पाणी सोडत ती विहिरीपर्यंत पोचली. अप्पा विहिरीजवळच्या हौदात गळ्याइतक्या पाण्यात बसले होते, डोक्यावर ओलं धोतर. भुवया जळल्या होत्या आणि श्वासाला घरघर लागली होती. तिनं त्यांना कसंबसं मडगार्डवर ओढून घेतलं.

बाहेर आली तेव्हा सर्जेरावांचा ऊस पेटला होता. ते एकटेच ओल्या फांदीनं जाळ झोडपत होते. म्हाळसानं टँकरचा नळ उघडला. थोडं पाणी आलं, मग नुसती हवा.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अप्पा जगतील, पण छाती पहिल्यासारखी राहायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जेराव काळ्या पडलेल्या उसात कोयता घेऊन उभे होते. जळलेला ऊस लगेच कारखान्याला जायला हवा, नाहीतर वाळून जातो. हाताला फडकी बांधून म्हाळसा बांधावरून खाली उतरली.

"तू दवाखान्यात जा," ते तिच्याकडं न बघता म्हणाले.

"तितं गोकुळ हाय," ती म्हणाली आणि पुढच्या सरीत वाकली.