नाजूकबाईचं लाल कार्ड

माझ्या पर्समध्ये एक कार्ड कायम असतं. तळहाताएवढं, जाड पुठ्ठ्याचं, पाठीला कापडी पट्टी लावलेलं. वडील पुस्तकं बांधायचे, त्यामुळे आमच्या घरात दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीलासुद्धा कापडी पाठ असे. कार्डावर त्यांच्या वळणदार अक्षरात लाल शाईने लिहिलं आहे : 'हिला पेनिसिलीन चालत नाही. दिल्यास जीव जाईल.' यातलं पहिलं वाक्य डॉक्टरांचं आणि दुसरं आईचं. शाई फिकी पडली की वडील ती अक्षरं पुन्हा गिरवायचे. ते गेल्यापासून मी गिरवते.

गोष्ट मी सहा वर्षांची असतानाची. छातीत कफ भरला, ताप उतरेना. डॉक्टरांनी पेनिसिलीनची दहा इंजेक्शनं सांगितली. कंपाउंडर रोज दुपारी घरी यायचा, स्टोव्हवर सुई उकळायचा आणि मला टोचून जायचा. तीन झाली. चौथ्या दिवशी तो आला तर माझं अंग लाल ठिपक्यांनी भरलेलं. तो नवखा होता. उंबऱ्यातूनच परत फिरला आणि पळत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी तिथे बसल्या बसल्या इंजेक्शनं बंद केली आणि माझ्या कागदावर लाल शाईने शेरा मारला. पुरळाला पाणी लागू नये म्हणून आईने आठ दिवस मला अंघोळ घातली नाही. मी वाचले.

तेव्हापासून मी घरातली नाजूकबाई झाले. भांडी मला घासायची नसत, कारण नाजूकबाईच्या हाताला राख सोसेल की नाही कोण जाणे. पाणी भरणं, गाद्या उन्हात टाकणं, जिने पुसणं, सगळं माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या असलेल्या ताईकडे. मी खिडकीत बसून तिला कुठे राहिलं ते दाखवायची.

आई सांगायची तेव्हा गोष्टीत नुसतं पुरळ होतं. मावशीने त्यात सूज घातली. माझ्या लग्नाच्या सुमारास धाप आली. आणि पुढे माझ्या मुलांना सांगता सांगता माझा श्वास दोन मिनिटं बंद पडला. खोटं बोलावं असं काही माझ्या मनात नव्हतं. मुलं डोळे मोठे करून ऐकत होती, तेव्हा नुसत्या पुरळावर भागेना, एवढंच.

आता माझं वय शहात्तर. मी तळमजल्यावर राहते, ताई त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. मधे अठ्ठेचाळीस पायऱ्या, लिफ्ट नाही. दोघींचेही नवरे गेल्यापासून रोज दुपारी मी वर जायची आणि आम्ही पत्ते खेळायचो. दीड वर्षापूर्वी माझ्या उजव्या गुडघ्याने संप पुकारला. ताई सकाळी एकदा भाजीला खाली उतरते, पण दुसऱ्यांदा चढायचं म्हटलं की तिला दम लागतो. फोनवर पत्ते खेळून पाहिले. जमलं नाही, ताई पानं खोटी सांगते.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, गुडघा बदलू. चौदा तारीख ठरवली. मग मी अभिमानाने कार्ड काढून दाखवलं, तसा त्यांचा चेहरा पडला.

"ऑपरेशनच्या वेळी जंतू होऊ नयेत म्हणून जे सगळ्यात चांगलं औषध आम्ही देतो, ते याच घराण्याच्या जवळचं. दुसरं देता येतं, पण नव्या सांध्यात जंतू शिरायची भीती थोडी वाढते. ही अ‍ॅलर्जी खरी आहे का, ते आधी तपासून या. चौदापर्यंत कागद आला नाही तर तारीख दुसऱ्या कोणाला जाईल, आणि पुढची सहा महिन्यांनी."

"खरी आहे का म्हणजे काय?" मी म्हणाले. "सत्तर वर्षं झाली तिला."

ताईला मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तपासायला मीही येते."

अ‍ॅलर्जीच्या दवाखान्यात पांढऱ्या भिंती, एका कोपऱ्यात वजनकाटा आणि भिंतीवर भलंमोठं घड्याळ. जाण्याआधी सकाळीच मी कार्ड नीट गिरवून घेतलं होतं, न जाणो वाचता आलं नाही तर. डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. तिथे याच विषयावर संशोधन चाललेलं होतं आणि ती त्यात होती.

"आजी, हल्ली आम्ही ही जुनी लेबलं पुन्हा तपासतो," ती म्हणाली. "दहा जणांच्या कागदावर पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी लिहिलेली असेल, तर तपासल्यावर साधारण नऊ जणांना काही निघत नाही. कधी ते पुरळ तापाचंच असतं. कधी अ‍ॅलर्जी खरी असते, पण वर्षानुवर्षांत विरून जाते."

"मग मी दहावी," मी म्हणाले.

शेजारी ताई खाकरली.

"तेच बघू. आधी काही प्रश्न विचारते. उत्तरांवरून धोका कमी वाटला तर आजच इथे, माझ्यासमोर त्याच जातीची गोळी द्यायची आणि लक्ष ठेवायचं. धोका जास्त वाटला तर आधी मोठ्या रुग्णालयात त्वचेवर तपासणी. तिथे मात्र चार महिन्यांची रांग आहे."

हे ऐकून मी सावध व्हायला हवं होतं. पण समोर कोणीतरी कागद-पेन घेऊन माझी गोष्ट ऐकायला बसलं होतं. असं सत्तर वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. मी पदर सावरला आणि सुरुवात केली. पुरळ सांगितलं, सूज सांगितली, धाप सांगितली. दोन मिनिटं बंद पडलेला श्वास सांगताना नर्ससुद्धा हातातलं काम टाकून ऐकत होती.

डॉक्टरिणीने पेन खाली ठेवलं. "आजी, हे ऐकून मी तुम्हाला गोळी देऊ शकत नाही. मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून देते."

"अहो, पण चौदा तारीख?"

"श्वास बंद पडलेल्या माणसाला मी अशी गोळी कशी देऊ?"

मी ताईकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

"श्वास बंद नव्हता पडला," ती घड्याळालाच म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मी होते ना तिथे. झोपली होतीस तू. घोरत होतीस."

डॉक्टरिणीने पेन उचललं आणि श्वासावर आणि धापेवर काट मारली. "आणि सूज?"

"सूज मावशीने घातली. मावशी तेव्हा गावातच नव्हती."

सुजेवर काट. "म्हणजे नुसतं पुरळ. अंगभर?"

"चेहरा सोडून," मी म्हणाले. निदान एवढं तरी माझ्याकडे राहावं. "आई म्हणायची, नशीब, चेहरा तेवढा वाचला."

"चेहऱ्यावर मी रुमाल टाकला होता," ताई म्हणाली. "डोळ्यांत जाऊ नये म्हणून."

"काय जाऊ नये?"

ताईने पर्स उघडली, बंद केली. "रंग."

मग तिने सांगितलं, आणि ते मला सांगण्याऐवजी डॉक्टरिणीला सांगितलं. वडील पुस्तकाच्या कडा रंगवायचे. पुस्तक लाकडी दाबात घट्ट धरायचे, वर बारीक जाळी धरायचे आणि लाल रंगात बुडवलेला ब्रश जाळीवर घासायचे. खाली कडेवर बारीक ठिपके पडायचे. ते काम बघत बघत ताई नऊ वर्षांची झाली होती.

"चौथ्या इंजेक्शनाच्या दिवशी ही सकाळपासून रडत होती. माझा हात सोडेना. रडता रडता झोपली. आई विहिरीवर, वडील गिऱ्हाइकाकडे. मला काही ते बघवेना. जाळी आणली. आधी पोट केलं, मग हात."

"पाठ?" नर्सने विचारलं.

"कुशीवर वळली तेव्हा."

मी तिच्याकडे वळले. "आणि वडिलांनी स्वतःचा रंग ओळखला नाही?"

"ओळखला की. जाळी धुवायची राहिली होती माझी. मला बाजूला घेऊन म्हणाले, ताप उतरलाय तिचा, आता बोलू नकोस. आईला कळलं तर आपल्या दोघांनाही घराबाहेर काढेल."

"आणि तरी कार्ड करून दिलं? गिरवत बसले?"

"मग काय करतील? आई शेजारी उभी राहून मजकूर सांगत होती. आणि नंतर तूच कार्ड घेऊन त्यांच्यापुढे उभी राहायचीस. फिकं झालं, फिकं झालं."

"चाळिशीत न्यूमोनिया झाला होता मला," मी म्हणाले. "दीड महिना त्या दुसऱ्या कडू गोळ्या गिळल्या मी. सांगायचं नाहीस तेव्हा?"

"सांगायला आले होते. तू शेजारणीला श्वास बंद पडल्याची गोष्ट सांगत होतीस. खोली भरली होती माणसांनी. कुठल्या तोंडाने सांगू?" ताईने नाक पुसलं. "आणि तुला वाटतं मी मजेत होते? त्या एका दुपारपायी लग्न होईपर्यंत तुझ्या वाटची भांडी घासली मी. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा."

डॉक्टरीण खाली मान घालून लिहीत होती, पण तिचे खांदे हलत होते. शेवटी ती म्हणाली, "माझ्या फॉर्ममध्ये 'ताईने रंगवलं' असा रकाना नाही. पण धोका कमी, हे नक्की. तरी आजी, आधीची तीन इंजेक्शनं सोसली म्हणजे आजही सोसेलच असं मी धरून चालणार नाही. गोळी इथेच घ्यायची आणि दोन तास माझ्या नजरेसमोर बसायचं. काही झालंच तर औषधं जवळ तयार आहेत."

मी गोळी घेतली. मग दोन तास खुर्चीत बसले आणि ताईशी एक अक्षर बोलले नाही. ती शेजारच्या खुर्चीवर. तिने पाणी पुढे केलं, मी ते नर्सकडून घेतलं. तिने विचारलं, खाज सुटते का. मी नर्सला सांगितलं, नाही म्हणून सांगा. खरं तर सुटत होती. आधी मानेला, मग टाचेला, मग जिथे हात पोचत नाही तिथे. नर्स येऊन बघून जायची. काही नाही म्हणायची.

तास उलटल्यावर मला तो दिसला. उजव्या मनगटावर, आतल्या बाजूला, लालभडक ठिपका. त्याच्याखाली आणखी दोन.

मी हात पुढे केला. भीती तर वाटलीच, पण आतून, काय सांगू, बरंही वाटत होतं. सत्तर वर्षं अगदीच फुकट गेली नाहीत. ताईने ते ठिपके पाहिले आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने माझा दुसरा हात घट्ट धरला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ठिपके आलेत. हे मी नाही केलेले. शपथेवर सांगते, या वेळी मी नाही."

डॉक्टरीण धावत आली, वाकली, बघितलं. मग नर्सकडून ओला कापूस घेतला आणि मनगटावर फिरवला. ठिपके कापसावर आले.

"आजी, सकाळी लाल शाईने काही लिहिलं होतं का?"

मी पर्सकडे पाहिलं.

"ओला कापूस," ताई हळूच म्हणाली. "त्या कंपाउंडरला तेवढा सुचला असता तर."

मला हसायचं नव्हतं. मी तोंडावर पदर धरला, तरी खुर्ची हलायला लागली. ताईने माझा हात अजून सोडलेला नव्हता. सहाव्या वर्षी मीही तिचा असाच सोडत नव्हते म्हणे. मला ते आठवत नाही. मला आठवतं ते सगळं मावशीचं आणि माझं.

दोन तास झाले. काही झालं नाही. डॉक्टरिणीने कागद दिला, त्यावर लिहिलं होतं की मला पेनिसिलीन चालतं. घरी गेल्यावर एक-दोन दिवसांत पुरळ उठलं तर फोन करा, असंही सांगितलं. तिने कार्ड मागितलं, फाइलला जोडायला. मी दिलं नाही. कार्ड घरचं आहे. फक्त 'दिल्यास जीव जाईल' यावर तिच्याकडून एक रेघ मारून घेतली, सहीसकट.

चौदा तारखेला गुडघा बदलला. तीन महिने व्यायाम केले आणि एका दुपारी एकटी जिन्यापाशी उभी राहिले. अठ्ठेचाळीस पायऱ्या मोजत, दोनदा टेकत, वर पोचले. ताई दारात उभी होती. डोळे पुसत होती, पण मी पाहिलं तसा पदर सोडला.

आत टेबलावर पत्ते पिसून ठेवले होते. मी खुर्ची ओढायला गेले.

"आधी तिकडे," ताई म्हणाली.

स्वयंपाकघरातल्या मोरीत दोन दिवसांची भांडी रचलेली होती. वर कढई पालथी, शेजारी नवीकोरी घासणी.

"ताई, अगं मी आत्ता अठ्ठेचाळीस पायऱ्या चढून आलेय."

"तुला आता सगळं चालतं. कागद आहे तुझ्याकडे." ती खुर्चीत बसली आणि पत्ते वाटायला लागली. "स्टूल ठेवलंय, बसून घास. आणि कढईचे कान राहू देऊ नकोस. इथून दिसतात मला."