हुर्रर्र… फट्ट!

"जया, ते तुझं कातडं कांद्याच्या पाटीतनं उचल गं बाई! लोकांच्या सुना माहेराहून पितळंची भांडी आणत्यात, हिनं मेल्या म्हशीचा पंजा आणलाय."

मंचरच्या घरी जयाच्या सासूबाई, लंकाबाई, माझ्या अंगावरूनच केरसुणी फिरवत बोलल्या, तेव्हा ऐकू येणारच. मला राग नाही. म्हैस खरी आहे आणि पंजाही खरा.

मित्रांनो, मी बेसबॉलच्या कॅचरचा एक जुना ग्लोज. पिचर बॉल फेकतो, समोरचा तो बॅटनं मारायला बघतो आणि त्याचा नेम हुकला की बॉल ज्याच्या पोटात जाऊन बसतो, तो मी. जालंधरला शिवला गेलो, ओतूरच्या कॉलेजात आलो आणि जयाच्या डाव्या हाताला मिळालो. तेव्हा मी फळीसारखा ताठ होतो. जयानं मला करडईचं तेल चोळलं, पोटात बॉल घालून सुतळीनं आवळलं आणि गादीखाली दडपून ठेवलं. दडपल्यानं ग्लोज मऊ होतो. सुनांचं मी काही सांगत नाही.

पण माझं आयुष्य खरं म्हणजे वैजयंतीचं. ती जयाची मैत्रीण, आणे गावाच्या पठारावरची. लहानपणी बाजरीत माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकायची. तोच हात पिचरचा झाला. फेकायच्या आधी डोक्यावरून एक गिरका आणि तोंडातून आपोआप, "हुर्रर्रर्र!"

पहिल्याच सामन्यात अंपायरनं खेळ थांबवला. "ओ ताई, हे काय?"

"सवय हाय सर. पाखरं उठवते."

सगळं मैदान हसलं. मग बॉल आला. फट्ट! समोरच्या मुलीची बॅट खांद्यावरच राहिली. त्यानंतर कोणी हसलं नाही.

आण्याला निरोप गेला की वैजू पिचर झाली. गावानं ऐकलं, पिक्चर. तिची आई ठकूबाई कित्येक महिने बायकांना समजावत होती, "न्हाई गं, नाचत न्हाई माझी लेक. निस्ती फेकती."

ती राज्याकडून खेळली, ढाली आणल्या, पेपरात फोटो आले. ते फोटो आता पिवळे पडलेत. पण आजही ओतूरच्या मैदानावर कुठलीही पोरगी बॉल टाकताना हळूच "हुर्रर्र" म्हणते. त्यातल्या निम्म्यांनी गोफण डोळ्यांनी पाहिलेली नाही.

गेल्या वर्षी वैजूच्या खांद्यात काहीतरी तुटलं. उपचार झाले, ती परत मैदानात आली. गिरका तोच, हुर्रर्र तेच, पण बॉल पावण्यासारखा दमादमानं यायला लागला. तेव्हापासून मला चैन नाही. खुंटीवर टांगलं तरी वाटतं, कोणीतरी आपल्याला अजून धरून ठेवलंय.

त्याचं कारण जया. बॉल माझ्या खोल पोटात, हात जरा पुढे झटकून घेतला, की हळू आलेला बॉलही फट्ट वाजतो. जया दर सरावाला तसं करू लागली. वैजू लांबून विचारायची, "कसा हाय?" जया म्हणायची, "लई भारी!" कोच गोरखसर म्हणायचे, "खांदा थंडीनं आखडला असंल." ठकूबाई म्हणायची, "वारं उलटं व्हतं." वारं वर्षभर उलटंच होतं.

मित्रांनो, आम्हांला उन्हात टाकू नका, अधूनमधून तेल द्या. आणि शिवण उसवली तर त्याच दिवशी टाका घाला. लोक उसवलेली बाजू आत दुमडतात आणि खेळत राहतात. मग ऐन बॉलला सगळंच सुटतं.

आज सकाळी जया मला घेऊन एसटीनं ओतूरला आली. उद्या आमच्या संघाची फायनल. गोरखसरांना ठरवायचं होतं, पिचर कोण? वैजू, की तिनंच घडवलेली पोरगी, संस्कृती?

आधी वैजूनं टाकले. फट्ट. फट्ट. गोरखसर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

मग संस्कृती. "हुर्रर्र!" बॉल विजेसारखा आला आणि जयानं मला किंचित मागे ओढून तो तळव्यावर घेतला. आवाजच नाही. दुसराही तसाच. तिसऱ्यालाही तेच.

वैजू चालत आली. तिनं मला जयाच्या हातातून उपसलं. जयाचा तळवा लालबुंद झाला होता. वैजूनं तो स्वतःच्या हातात धरला.

"माझ्या बॉलनं लाल व्हायचा हा."

"आताबी व्हतो की," जया म्हणाली. "थंडीनं जरा…"

"वैजूताई, माझा बॉल वाजतच नाही," संस्कृती रडवेली होऊन म्हणाली. "तुम्हीच खेळा उद्या."

वैजूनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या पोटात मूठ मारली. फट्ट वाजलं.

"आवाज ग्लोजचा असतो, संस्कृती. वाजवणारीचा असतो. उद्या तू टाकायचं." मग जयाचा तळवा पुन्हा हातात घेत ती म्हणाली, "माझा हात गेला, जये."