बोअरच्या पाण्यावरची गाडी

क्लॅरी ट्रेझाइजच्या मुलीने, लिनेटने, अॅडलेडहून फोनवर अट घातली ती अशी : "बाबा, गॅरेज एकच आहे. गाडी स्वतःच्या चाकांवर आली तर आत घेते. ट्रेलरवर घालून मढं आणणार असाल, तर केव्हिन ते भंगारात देईल. मी त्याला अडवणार नाही."

ईस्टरला सोळा दिवस होते, आणि ईस्टरनंतरच्या मंगळवारी घराच्या चाव्या नव्या मालकाच्या हातात द्यायच्या होत्या. घर सोडायचं क्लॅरीला फारसं दुःख नव्हतं. बायको, उना, गेल्यापासून घर म्हणजे कुलूप लावायची जागा झाली होती. पण छप्पन सालची फिकट हिरवी होल्डन मागे टाकून जायचं म्हणजे जावयाच्या, केव्हिनच्या, घरात खुर्चीसारखं पडून राहायचं. गाडी असली की माणूस निदान "जरा बाहेर जाऊन येतो" असं म्हणू शकतो.

आणि गाडी वीस मिनिटांत तापत होती. काटा लाल रेघेला टेकला की क्लॅरी रस्त्याकडेला थांबायचा, जणू देखावा बघायलाच थांबलाय. त्या रस्त्यावर देखावा म्हणजे खाऱ्या मातीतली झुडपं आणि कुंपणाची तार.

शेजारच्या व्लाडोने, खाणीतल्या निवृत्त फिटरने, इंजिनच्या कुशीतलं गोल पत्र्याचं झाकण ठोकून काढलं आणि पाण्याच्या वाटेत तार खुपसली. ती बोटभर जाऊन अडली.

"यात पाणी कुठलं घालतोस रे?"

"बोअरचं. दुसरं कुठलं?"

"किती वर्षं?"

"बेचाळीस."

"शाब्बास. आत चुनखडीची खाण काढलीस की. मला आधी सांगितलं असतंस तर निवृत्त झालो नसतो."

यात क्लॅरीला चूक दिसेना. गावात टाकीतलं पावसाचं पाणी चहाला, बाळांना आणि आजाऱ्यांना. उना दर सोमवारी काठी बुडवून टाकीची पातळी बघायची. दुसऱ्याच्या बायकोबरोबर पळून गेलेला माणूस त्या गावात परत आला आणि फुटबॉल क्लबचा खजिनदारही झाला. पण रेडिएटरमध्ये पावसाचं पाणी ओतणाऱ्याबरोबर कुणी बिअर प्यायला बसलं नसतं.

"आता काय?" क्लॅरीने विचारलं.

"आता काही नाही. साध्या पाण्याने धू, नवे पाइप बसव, थर्मोस्टॅट बदल. पहाटे निघ, पन्नासच्या वर जाऊ नकोस, दर तासाला थांबून गार कर. चारशे किलोमीटर. संध्याकाळपर्यंत पोचशील."

"वाफ सोडत? केव्हिनच्या दारात?"

"वाफ सोडत का होईना, पोचशील. त्या चुन्याच्या थराला हात लावू नकोस, म्हाताऱ्या. तो तिथे कुठल्या कामावर लागलाय ते तुला-मला ठाऊक नाही."

केव्हिन गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला होता आणि दर नाताळला होल्डनच्या टपावर थाप मारून "अजून आहे वाटतं?" म्हणायचा. तेवढ्या एका वाक्यासाठी क्लॅरीने थराला हात लावला.

चुना काढायचं आम्ल त्याने पातळ करून भरलं, इंजिन कोमट केलं, रिकामं केलं. पुन्हा भरलं. तीन दिवस. खालून आधी तांबडा गाळ आला, मग पांढरा, मग स्वच्छ पाणी. शेवटी धुण्याच्या सोड्याने आत उरलेलं आम्ल मारलं. मागच्या सिलिंडरपर्यंत तार सरळ गेली तेव्हा त्याने शीळ घातली.

मग तो रेल्वे फाटकापर्यंत गेला आणि आला. काटा मध्यावर. पुढच्या गावापर्यंत गेला, पासष्ट किलोमीटर. काटा मध्यावर. परत येऊन त्याने व्लाडोच्या फाटकाशी भोंगा वाजवला.

"बघ म्हटलं!"

व्लाडो काट्याकडे न बघता गाडीच्या मागे गेला. एग्झॉस्टमधून पांढरा धूर येत होता.

"दिवस गरम आहे, तरी हा धूर विरत का नाही?" असं म्हणत त्याने पुढे येऊन तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. तिच्यावर तेल नव्हतं. दूध घातलेल्या चहासारखं काहीतरी होतं.

क्लॅरी चाळीस वर्षं इंजिनं उघडत आला होता. सांगायला कुणी लागत नव्हतं.

"भिंत?"

"सिलिंडरची. गंजून चाळणी झाली असणार. चुन्यानेच पाणी अडवून धरलं होतं. आता ते तेलात उतरतंय." व्लाडोने पट्टी परत घातली. "इंजिनचा दुसरा ब्लॉक बघू का? पोर्ट पिरी शहरात एक जण आहे."

"केव्हा?"

"हिवाळ्यापर्यंत मिळेल."

ईस्टरला नऊ दिवस होते. दोघांनी गाडी ढकलून शेडमध्ये नेली. मग व्लाडो हात पुसायला लागला, आणि बराच वेळ पुसत राहिला.

क्लॅरीने दुसऱ्या दिवशी फोन केला. "लिनेट, तूच ये न्यायला. गाडी येत नाही."

ती म्हणाली, "जाऊ द्या हो बाबा. तसंही गॅरेजमध्ये आम्ही फ्रीझर ठेवलाय."

"कधी?"

"झाला की महिना. केव्हिन म्हणाला, एवढ्या लांब ती गाडी कसली येतेय."

"मोठा आहे?"

"चांगला आडवा आहे. त्याच्यापुढे सायकलसुद्धा उभी राहत नाही."

"बरं," क्लॅरी म्हणाला. लिनेट पुढे बॅगांविषयी काहीतरी विचारत होती. तो ऐकत होता, आणि मधूनमधून हो म्हणत होता.