बापाची शिट्टी

सहादेव कांबळे गोडदेवला राहायचा आणि भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला होता. रविवारी तो आसपासच्या फुटबॉल सामन्यांत रेफ्री असायचा. त्याच्या शिट्टीवर कधी कोणी वाद घातला नव्हता.

त्र्याण्णव सालच्या डिसेंबरात उत्तनच्या मैदानावर स्पर्धेची फायनल होती, उत्तन विरुद्ध गोडदेव. गोडदेवचा गोलकीपर होता रवी, सहादेवचा मुलगा. सहादेव नुसता बघायला गेला होता. पण ठरलेला रेफ्री आलाच नाही.

उत्तनचा अल्फान्सो स्पर्धा भरवायचा. तो जवळ आला. "सहादेवभाऊ, तुम्हीच उभे ऱ्हावा."

"माझा पोरगा खेळतोय, अल्फान्सो."

"आमचा भरवसा हाय तुमच्यावर."

चर्चमधून थेट आलेली माणसं, मासळीच्या पाट्या बाजूला ठेवून बसलेल्या बायका, वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांपर्यंत दाटलेली पोरं. अख्खं उत्तन मैदानाभोवती होतं. गोडदेवची माणसं टेम्पोत मावतील तेवढीच. पहिल्या हाफमध्ये गोडदेवने गोल केला. गोल स्वच्छ होता, सहादेवने दिला. तेव्हाच मागून कोणीतरी ओरडलं, "बापाची शिट्टी!"

लोक हसले. मग सगळ्यांनीच ते उचललं. गोडदेवच्या बाजूने साधा थ्रो-इन दिला तरी, "बापाची शिट्टी! बापाची शिट्टी!"

सहादेवचे कान तापले. दुसऱ्या हाफमध्ये दोघांची धडक झाली की त्याचा हात आपोआप उत्तनच्या बाजूने जायला लागला. गोडदेवची पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

वेळ संपली. सहादेवने घड्याळ बघितलं, शिट्टी ओठाला लावली. त्याच क्षणी उत्तनने बॉल पुढे मारला आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. आता थांबवलं तर हे लोक काय म्हणतील, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याने शिट्टी मारली नाही. एक हल्ला परतवला गेला, तरी मारली नाही. मग कॉर्नर झाला. गर्दीत रवीने बॉलवर झेप घेतली, त्याच्या हातावर तिघं पडले आणि बॉल सुटून आत गेला.

गोलचा जल्लोष एवढा होता की रवीची किंकाळी फक्त सहादेवलाच ऐकू आली.

रवीचं उजवं मनगट मोडलं होतं. सामना बरोबरीवरच थांबला आणि अल्फान्सोने स्वतः रिक्षा आणली. सहादेव रिक्षात बसत असताना उत्तनचा एक म्हातारा त्याचा हात धरून म्हणाला, "मान्ला बाबा तुला. खरा मानूस हाय."

घरी सहादेवची बायको मुक्ताबाई मुलाचं प्लास्टर बघून रडली आणि जेवण वाढून आत गेली. सहादेव रवीला भात कालवून देत होता.

"रवी, मी आधीच थांबवायला पाहिजे होतं."

"माहितीय."

"तुला कसं?"

"तुम्ही घड्याळ बघितलंत. मी तुमच्याकडेच बघत होतो."

"मग ओरडला का नाहीस?"

रवीने घास गिळला. "एवढी माणसं ओरडत होती, बाबा. माझं एकट्याचं ऐकलं असतंत का?"

सहादेवला त्यापुढे भात कालवता येईना.

प्लास्टर निघालं, पण मनगट पूर्वीसारखं वळेना. रवी एकदाच मैदानात उतरला. साधा बॉल हातातून निसटला, तसा तो कोणाला न सांगता घरी आला. पुढे मीरा रोडला एका दुकानात लागला. बापाशी नीट वागायचा, विचारलं तेवढं बोलायचा. रविवारी मात्र सकाळीच बाहेर पडायचा.

पुढच्या वर्षी अल्फान्सो सुरमई घेऊन आला, फायनलला बोलवायला.

"गावात अजून नाव काढतात तुमचं. पोटच्या पोराची बाजू घेतली न्हाय, म्हनतात."

"घ्यायची नव्हतीच," सहादेव म्हणाला. "फक्त वेळ संपल्यावर शिट्टी मारायची होती."

रवी आतून चहाचा कप घेऊन आला, डाव्या हाताने अल्फान्सोपुढे ठेवला आणि चप्पल घालून बाहेर गेला.