कोलूचं पथ्य

निशातने डब्याचं झाकण काढून काळपट पूड हुंगली. डबा निम्म्याहून जास्त रिकामा होता. शेजारी अम्मीच्या गोळ्यांचं पाकीट पडलेलं. अम्मी गेली त्या मंगळवारपर्यंतच्या सगळ्या गोळ्या त्यातून काढलेल्या होत्या.

"अब्बा, ही कंदाची पूड अम्मीले देत होते तुम्ही?"

अयूब दुकानात हिरड्याच्या पोत्यापाशी बसले होते. धानोऱ्यात तीस वर्षं जंगलाचा माल घेणारा हा माणूस बायकोच्या दफनानंतर तिसऱ्याच दिवशी दुकान उघडून बसला. लोक बोलले. बोलोत बापडे, त्यांना घरात बसवत नव्हतं.

"पंधरा दिवस दिली. सकाळ-संध्याकाळ, मधात." ते जरा थांबले. "अन् तिनं मले ओळखलं, बेटा. दोन वर्सांत पहिल्यांदा. म्हणे, निशातचे अब्बा, दाढी काऊन एवढी वाढवली?"

निशातने पाकिटातल्या रिकाम्या जागा पुन्हा मोजल्या.

नागपूरच्या प्रयोगशाळेत तिची तीन वर्षं ह्याच कामात गेली होती. आठवण ज्याच्या जोरावर टिकते ते द्रव्य मेंदूतलं एक एन्झाइम खाऊन टाकतं. अम्मीची स्मृतिभ्रंशावरची गोळी त्या एन्झाइमला अडवायची. महिन्यापूर्वी निशातनेच आनंदाने फोन केला होता, की अब्बा, कोलूकाका जंगलातून आणतात तो कंदही त्यालाच अडवतो, अगदी गोळीसारखा! दोन्ही एकदम पोटात गेले तर हृदयाचे ठोकेही मंदावत जातात, हे तिला माहीत होतं. सांगायचं मात्र सुचलं नव्हतं. आणि अब्बांनी साधा विचार केला. एका बैलाला ओढवत नाही, तर दुसरा जुंपावा.

दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, नाडी अतिशय मंद. वयामुळे असेल, असं डॉक्टर म्हणाले आणि सगळ्यांनी ते मानलं.

पायरीवर सावली पडली. खांद्यावर कंद खणायची सब्बल घेतलेला कोलू दारात उभा होता. जंगलातल्या आपल्या गावाहून तो पायी आला होता. अयूबला कंद तोच आणून द्यायचा, आणि आसपासच्या चार गावांत मिरगीवर, तापावर औषधही तोच द्यायचा.

"कालच समजलं, भाऊ," तो उकिडवा बसत म्हणाला. "भाबी लय चांगली होती. पानी पाजल्याबिगर जाऊ नाई देये."

अयूबने नुसती मान हलवली. निशातने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. कोलूने तो हातात घेतला, पण प्याला नाही.

"गोळी बंद केली होती ना, भाऊ? मी सांगतलो होतो. जंगलचं औषध चालू असंल तं दुसरं औषध तोंडात नाई टाकाचं."

सांगितलं होतं खरंच. कोलूचं हे पथ्य अब्बांनी तिला फोनवर ऐकवलं होतं, आणि दोघं बापलेक त्यावर मनसोक्त हसले होते. ते हसणं आठवून निशातला स्वतःची शिसारी आली.

हिरड्यात फिरणारी अयूबची बोटं थांबली. पाच दिवसांत ते दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. अम्मी दोन्ही औषधांमुळे गेली हे कळलं तर अब्बा उठायचे नाहीत, एवढंच तिच्या मनात आलं.

"हो काका," ती म्हणाली. "बंदच केली होती."

कोलूने तांब्या खाली ठेवला आणि स्वतःचे दोन्ही तळहात पाहिले.

"मंग माह्याच हातानं झालं."

"नाई काका, तसं..."

"कंद वळखाले चुकलो असंन. डोरे पयल्यावानी नाई राह्यले." तो उठला. "माही नातीन आहे, इतवारी. तिले फिट येते. कालच तिच्यासाठी कंद खनून ठेवलो. आता तिलेबी नाई देत. कोनालेच नाई."

त्याने खांद्यावरची सब्बल काढून पोत्याला टेकवली.

"हे राहू दे इथी, भाऊ. मले नाई लागत आता."

तो पायऱ्या उतरला. निशात पुढे झाली, 'काका' हा शब्द तिच्या ओठांवर आला, आणि त्याच क्षणी अयूबने तिचं मनगट धरलं. तिने वळून पाहिलं. अब्बांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, प्रश्नही नव्हता. नुसती भीती होती, ती खरं सांगून टाकेल याची.

"बस," ते हलकेच म्हणाले.

कोलू नाक्यापर्यंत गेला, थांबला, जंगलाच्या रस्त्याला लागला. तो दिसेनासा होईपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही, आणि तिनेही ते सोडवून घेतलं नाही.