घेतलेलं नाव

उखर्डूने ओळीखाली बोट ठेवलं, खाकरला आणि मोठ्याने वाचायला लागला. टेबलापलीकडून वाचनालयाचा मोतीलाल वाकून त्या बोटाबरोबर डोळे सरकवत होता.

राज्यं नव्याने आखली गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं. मराठी मंडळी एकेक करून पलीकडे गेली आणि जाताना काहींनी वाचनालयाची पुस्तकंही नेली. म्हणून समितीने ठरवलं की मराठी कपाटातलं पुस्तक घरी द्यायचं ते खऱ्या वाचणाऱ्यालाच. जन्मभर अंगठा उठवलेला हा म्हातारा वाचतो, हे मोतीलालला पटत नव्हतं. शालिग्राम गुरुजींनी त्याला साठीत अक्षरं शिकवली होती. ते असते तर त्यांनी सांगितलं असतं. पण गुरुजीही बदली मागून अकोल्याला गेले होते.

पुस्तक होतं जंगलात एकट्याने पावसाळा काढणाऱ्या एका माणसाचं. राजाराण्यांच्या कादंबऱ्या उखर्डूने दहा पानांत परत केल्या होत्या. जंगलाच्या तीन होत्या, त्या सगळ्या वाचल्या, आणि ही पाच वेळा. यातला माणूस शंभर पानं कुणाशी बोलत नाही. ओल्या लाकडाची साल तासून आतला कोरडा गाभा काढतो, विस्तव जपतो, पाऊलखुणा बघून झोपायची जागा बदलतो. धूलकोटच्या जंगलात, टेकडीवरच्या चौकीत वणव्यावर नजर ठेवत उखर्डूने तीस वर्षं अशीच काढली होती. बायको मनकर्णा गेल्यापासून शहरातल्या खोलीत त्याला सोबत म्हणून हा एवढाच माणूस होता.

वाचन बरं चाललं होतं. मोतीलालने मध्येच हात आडवा केला.

“थांबा. हा कोणता शब्द वाचला?”

“मोठा.”

“मोठा नाही लिहिलेलं इथं. चला, पुढे वाचा.”

पुढे तो शब्द आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा उखर्डू ‘मोठा’च म्हणाला. खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसलेला सुकलाल हसला. बाबांनी पुस्तक उलटं धरलं नाही हेच पुष्कळ, म्हणाला.

“कुणाकडून तरी ऐकून पाठ केलंय, बाबा,” मोतीलाल म्हणाला आणि पुस्तक मिटायला लागला.

उखर्डूने पानावरचा हात काढला नाही. त्याने हळूहळू सांगितलं. शब्द त्याला वाचता येत होता. पण जंगलात राहणारे त्या जनावराचं नाव तोंडाने घेत नाहीत, मोठा म्हणतात. नाव घेतलं की हाक मारल्यासारखं होतं, आणि तो येतो. त्याच्या जोडीदाराने, देवरामने, एकदा चेष्टेत घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी नाल्यात देवरामचं पागोटं तेवढं सापडलं.

“इथं भर बाजारात कोण येतो, बाबा?” सुकलाल म्हणाला. “चुंगीनाक्यावरच अडवतील त्याला.”

मोतीलाल हसला नाही. त्याला हे खोटं वाटत नव्हतं, पण समितीला काय सांगायचं, हा त्याचा प्रश्न होता.

“एकदा बोलून दाखवा,” तो म्हणाला. “फक्त एकदा. मग पुस्तक तुमचं.”

उखर्डूने पुस्तकाकडे पाहिलं. मग स्टूल सरकवून पाठ भिंतीला लावली, दोन्ही पाय जमिनीवर रोवले आणि उघड्या दाराकडे बघत म्हणाला,

“वाघ.”

गल्लीतले माग खटखटत होते. दारातून ऊन आत आलं होतं. उंबऱ्यापाशी एक शेळी थांबली आणि पुढे गेली. उखर्डू दाराकडे बघत राहिला, इतका वेळ की सुकलालनेही एकदा मान वळवून पाहिलं.

मोतीलालने रजिस्टरमध्ये नोंद केली आणि पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं.

“घ्या. काय झालं सांगा?”

“काही नाही,” उखर्डू म्हणाला. “काहीच नाही झालं.”

पुस्तक काखेत धरून तो पायऱ्या उतरला. गल्लीच्या मधोमध थांबला आणि टेकडीवरून हाक घालावी तसं, छातीत वारा भरून, त्याने पुन्हा ते नाव घेतलं.

मागून येणाऱ्या टांगेवाल्याने लगाम खेचला.

“बाबा, जरा बाजूला व्हा ना.”

उखर्डू बाजूला झाला.