बंदीतला पावणा

इचलकरंजीच्या प्रेक्षकांवर बंदी बाळासोंनी आणली, असं आमची सगळी पेठ मानते. पोलिसांनी आणली, असं फक्त पोलीस म्हणतात.

गेल्या साली त्यांच्याशी फुटबॉलचा सामना सुटल्यावर दगडफेक झाली. त्यांनी आमची किती डोकी फोडली ते पेठेला तोंडपाठ आहे. आम्ही त्यांची किती फोडली, याची नोंद कुणी ठेवली नाही. यंदा अंतिम सामना पुन्हा त्यांच्याशीच लागला, तेव्हा तालमीचे अध्यक्ष बाळासो पोलिसांकडं जाऊन बसले आणि हुकूम घेऊनच उठले. येत्या निवडणुकीत बाळासोंच्या समोर उभ्या असलेल्या विरोधी गटाच्या उदयसिंहांनी पत्रकार बोलावले. "मैदान काय बाळासोंच्या सातबाऱ्यावर हाय?" आठवडाभर खेळाडूंची नावं कुणाच्या तोंडात नव्हती, ह्या दोघांचीच होती.

सामन्याच्या सकाळी तालमीच्या दारात एक माणूस आला. कपाळावर विभूती, अंगात धुतलेला पण सुताचे कण चिकटलेला सदरा. आमच्याकडं दारात आलेल्याला आधी "या पावणं" म्हणतात, चहा देतात आणि मग काम विचारतात. त्यानं चहा सावकाश संपवला. कप खाली ठेवल्यावरच बोलला. हुशार माणूस.

"मी बसाप्पा. इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला असतोय. आज तुमच्यासमोर गोलात उभारणारा महांतेश माझं पोरगं."

दारातली पोरं जवळ सरकली.

"पोरगं सोमवारी सैन्यात निघालंय. मी पाळी कधी चुकवली न्हाय, म्हणून त्याचा खेळ कधी बघितला न्हाय. आज पाळी सोडून आलोय."

"मग पोलिसांकडं जावा," बाळासो म्हणाले.

"गेलतो. ते म्हणले, बंदी बाळासोंनी मागितली. ज्यानं कुलूप लावलं, किल्ली त्याच्याचकडं असणार की."

पोरं हसली. बाळासो हसले नाहीत. पण चहा पाजलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे आमच्या पेठेत अजून कुणाला जमलेलं नाही.

मैदानाच्या फाटकावर पोलिसांच्या साहेबांनी आधार कार्ड बघितलं. "पत्ता इचलकरंजीचा. जबाबदारी कोण घेणार?"

उदयसिंहांची माणसं मोबाइल उगारून उभीच होती.

"मी घेतो," बाळासो म्हणाले. "आमच्या घरचं पावणं हाईत." आणि आत शिरताना हळूच, "आमची पिवळी टोपी घाला. पोरगं काय बी करू दे, तोंडातनं आवाज काढायचा न्हाय. काढला तर माझी निवडणूक गेली."

"शब्द दिला, अण्णा."

सामना बरोबरीत ताणला गेला. महांतेशनं एकदा आमच्या बाजूला बघितलं, बापाच्या डोक्यावरची पिवळी टोपी बघितली आणि क्षणभर गोल उघडा सोडून तसाच उभा राहिला. शेवटाकडं आम्हाला पेनल्टी मिळाली. आमचा सम्राट पेनल्टी चुकवत नाही. त्यानं फटका मारला. पोरगं डावीकडं आडवं झालं आणि चेंडू छातीशी धरून उठलं.

आमच्या कट्ट्यावरच्या पोरांनी डोकी धरली. बसाप्पानं दोन्ही तळवे मांडीखाली दाबले होते. गालांवरनं पाणी वाहत होतं, ओठ घट्ट.

"ओरडा की पावणं," बाळासो पुटपुटले. "जीव गुदमरंल."

त्यानं मान हलवली. शब्द दिला होता.

मग बाळासोच उठले. सगळ्या पेठेसमोर, सगळ्या मोबाइलसमोर दोन्ही हात वर करून म्हणाले, "वा रं महांतेशा, बापाचं नाव काढलंस!" कट्टा त्यांच्याकडं बघत राहिला. मग मागनं एक टाळी आली, मग दुसरी, आणि ज्या पोरांच्या डोक्याला गेल्या साली टाके पडले होते तीही वाजवायला लागली.

पुढं इचलकरंजीनं गोल केला आणि चषक तिकडं गेला. दगड कुणी उचलला नाही.

महांतेश कट्ट्यासमोरच्या जाळीपाशी धावत आला. "अप्पा, टोपी?"

"असू दे. हिच्यामुळंच तू दिसलास. आधी ह्यांच्या पाया पड."

जाळी मध्ये होती, म्हणून पोरानं तिथंच वाकून नमस्कार केला.

"उदयसिंह उद्या काय बोलायचं ते बोलू दे," बाळासो म्हणाले. "पावणं, पोराला घेऊन घरला या. तांबडा रस्सा हाय, पांढरा हाय."

"उपकार झालं, अण्णा. पण आमच्यात मटण चालत न्हाय."

बाळासोंनी कपाळावरच्या विभूतीकडं आत्ता कुठं नीट बघितलं आणि घरी बायकोला फोन लावला. "बायडाबाई, पिठलं टाक. व्हय, हरलोय. तरी टाक."